कामाशी संबंध नसलेली झाडं

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सगळ्यात लाडात कोण वाढतं, असं कुणी विचारलं तर मी क्षणाचाही विचार न करता सांगेन: जंतू. त्यांना ३७ अंशांची ऊब लागते, ती चोवीस तास मिळते. लाइट गेली की जनरेटर आधी इन्क्युबेटरची विचारपूस करतो, आमच्या पंख्यांचा नंबर नंतर. जेवायला मेंढीचं रक्त घातलेलं ब्लड अगार. ते ज्यांना पचत नाही त्यांच्यासाठी तेच रक्त तापवून चॉकलेट अगार. रंग तेवढा चॉकलेटचा, बाकी चॉकलेटचा कणही नाही. कुणाला ऑक्सिजन सोसत नाही, त्याला वेगळी हवाबंद बरणी. आणि एवढं सगळं करून एखादा उगवला नाही, तर मायक्रोबायोलॉजीच्या मॅडम दुसऱ्या दिवशी प्लेट उजेडात धरून अशा काळजीने बघतात, की पेशंटला जंतुसंसर्ग नाही ही आनंदाची बातमी आहे हे त्यांना आठवण करून द्यावं लागतं.

त्याच खोलीच्या खिडकीत रिएजंटच्या रिकाम्या बाटलीत एक मनी प्लांट असतो. तो रक्त मागत नाही, ऊब मागत नाही. एसीच्या नळीतून गळणाऱ्या पाण्यावर आणि ट्यूबलाइटच्या उजेडावर त्याचं चाललेलं असतं. नोटीस त्याला येते.

नोटिशीला आधार आहे, हे मात्र कबूल केलं पाहिजे. अमेरिकेच्या सीडीसी आणि एनआयएच या संस्थांनी मिळून काढलेलं जैवसुरक्षेचं एक जाडजूड पुस्तक आहे आणि जगभरचे लॅबवाले त्याला मानतात. त्यात स्वच्छ म्हटलंय, की चालू कामाशी ज्यांचा संबंध नाही असे प्राणी आणि अशी झाडं प्रयोगशाळेत ठेवू नयेत. आमच्याकडे क्वालिटी बघणारी जी मुलगी आहे, तिने या अर्थाचं वाक्य मोठ्या टायपात छापून, लॅमिनेट करून दारावर लावलं. आमचे सीनियर सर ते वाचून म्हणाले, "झाडं आणि प्राणीच म्हटलंय हे नशीब. माणसांना हा नियम लावला असता तर निम्मा स्टाफ घरी गेला असता." हे बोलले तेव्हा ते रक्तपेढी सोडून बायोकेमिस्ट्रीत आमच्या वाट्याचा चहा प्यायला आलेले होते.

कारणंही खोटी नाहीत. कुंडीतल्या मातीत अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी सुखाने नांदते. तिचे बीजाणू हवेत उडतात आणि कुठल्याही उघड्या प्लेटमध्ये आमंत्रणाशिवाय उतरतात. उद्या एखाद्या पेशंटच्या थुंकीच्या कल्चरमध्ये अ‍ॅस्परजिलस उगवला, तर तो त्याच्या फुफ्फुसातला की आमच्या खिडकीतला? फुफ्फुसातला असेल तर महागडं औषध सुरू होणार, खिडकीतला असेल तर कुंडी बाहेर जाणार. दोन्ही उपचारांच्या बिलात फार अंतर आहे. माती नको, नुसत्या पाण्यात ठेवू, तर त्याचीही वाट लॅन्सेटने १९७३ सालीच बंद करून ठेवलेली. हॉस्पिटलमधल्या फुलदाण्यांच्या पाण्यात काय काय राहतं याची त्यात तपासणी छापून आली होती, आणि स्यूडोमोनाससकट बरीच मंडळी तिथे मुक्कामाला निघाली होती.

तरी लॅबमध्ये झाडं असतात. ज्या लॅबमध्ये नाहीत असं सांगतात, तिथल्या पॅन्ट्रीत जाऊन बघावं.

गंमत अशी, की लॅबमध्ये झाड कुणी आणलं हे कधीच सिद्ध होत नाही. ओल्या गॉजमध्ये गुंडाळलेली एक फांदी कुणाच्या तरी डब्याच्या पिशवीतून येते आणि संध्याकाळपर्यंत तिला घर मिळालेलं असतं. घरांचा तोटा नाही. कुंड्यांच्या बाबतीत लॅबइतकी श्रीमंत जागा मी पाहिली नाही. तोंडाला टवका गेलेला मेजरिंग सिलिंडर, तळाला केसाएवढी चीर पडलेला कोनिकल फ्लास्क, जोडीदार फुटलेली काचेची झाकणं. अशी वस्तू रजिस्टरमध्ये मोडीत काढली, की दोन दिवसांत तिच्यात पांढरीशुभ्र मुळं दिसायला लागतात. एकदा तर हिमॅटॉलॉजीत टेस्ट ट्यूबच्या स्टँडमध्ये ओळीने मनी प्लांट लावलेले सापडले. प्रत्येक नळीवर काचेवर लिहायच्या पेन्सिलीने तारीख, आणि एकीवर चक्क 'कंट्रोल'. तिला पाणीच घालत नव्हते.

पाण्यावरूनही उतरंड आहे. यंत्रांना आयन काढून टाकलेलं अतिशुद्ध पाणी मिळतं, त्याच्या शुद्धतेची रोज नोंद होते. स्टाफला आरओचं. झाडाला एसीचं. कुणीतरी मायेने झाडाला यंत्राचं पाणी घालायला सुरुवात केली होती, ते सीनियर सरांनी बंद पाडलं. "त्यात कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम नाही, काहीही नाही. त्यापेक्षा त्याला उपाशी आहेस असं सांगा तरी." मग एक जण नॉर्मल सलाइन घालायला लागला. माणसाला चालतं तर झाडाला का नाही, हा त्याचा युक्तिवाद. शेकडा ०.९ मीठ असलेलं पाणी झाडाला किती दिवस चालतं हे त्या झाडाने लवकरच सांगितलं.

पण या प्रकरणातला खरा नायक म्हणजे आमचा कलेक्शनचा पोरगा. इंदापूरकडचा, घरी डाळिंबाची बाग, हात इतका हलका की पेशंट "झालं?" असं विचारतात. झाडाबद्दल लॅबमध्ये सगळ्यांना मतं आहेत, माहिती एकट्याला आहे. जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए का घालतात, हे आम्ही नव्या मुलांना कॅल्शियम, गोठण वगैरे आकृत्या काढून शिकवतो. त्याने एका वाक्यात विषय संपवला. "आमच्याकडं डाळिंबाला चिलेटेड झिंक मारत्यात, त्यात हेच असतंय की." आणि ते खरंच आहे, झिंक ईडीटीएच्या पिशव्या आपल्याकडे कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतात. त्यामुळे त्याच्या शब्दाला लॅबमध्ये वजन आलं, आणि त्या वजनाखाली एक झाड गेलं.

झालं ते असं. फ्रिजच्या सफाईत मुदत संपलेलं एक किट निघालं. खोक्यावर ठळक अक्षरांत 'युरिया'. ज्याने लहानपणापासून ४५ किलोची निमकोटेड युरियाची गोणी खांद्यावरून वाहिली आहे, त्याच्या मनात पुढचा विचार काय येणार? सगळी बाटली त्याने झीझी प्लांटच्या बुडात रिकामी केली. आता रक्तातला युरिया मोजायच्या किटमध्ये युरिया किती असतो? स्टँडर्डच्या चिमुकल्या बाटलीत असतो तेवढाच. मोठ्या बाटलीत असतं युरियेज, म्हणजे युरियाचे तुकडे करणारं एन्झाइम. आणि ते नासू नये म्हणून अनेक किटांत सोडियम अझाइड घातलेलं असतं, जे कुठल्याच सजीवाच्या हिताचं नाही. म्हणजे पोराने झाडाला खत घातलं नव्हतं, खत खाणारा घातला होता, तोही विषासकट. झीझी प्लांट हे मारायला अतिशय अवघड झाड म्हणून नर्सरीवाले विकतात. ते मेलं. पोराने पंधरवडाभर कुणाशी डोळा भिडवला नाही, आणि मुदतबाह्य रिएजंट कुठे टाकायचं यावर मॅडमनी जे व्याख्यान दिलं ते आम्हां सगळ्यांना ऐकावं लागलं.

आमच्या सफाईच्या मावशींचा सल्ला याहून पुढचा होता. गुलाबाला रक्त मानवतं असं त्यांनी कुठेतरी ऐकलेलं. ऐकलेलं खोटं नाही. कत्तलखान्यातलं रक्त वाळवून केलेलं खत जगभर बागांना घालतात. पण रोज संध्याकाळी उरलेल्या नळ्यांच्या ट्रेकडे त्या ज्या नजरेने बघायला लागल्या, ती नजर बघून मॅडमनी ट्रे कुलपात ठेवायला सांगितला.

लॅबबाहेरची, पेशंट बसतात तिथली झाडं नियमाच्या कचाट्यातून सुटलेली. तिथे एक मोठा अरेका पाम होता. त्याचा शत्रू म्हणजे रिकामा वेळ. उपाशीपोटी रक्त देऊन दोन तासांनी पुन्हा द्यायचं असलेला माणूस आधी पेपर वाचतो, मग मोबाइल, मग भिंतीवरचे यकृताचे तक्ते, आणि शेवटी त्याचं लक्ष झाडाकडे जातं. बाटलीत पाणी उरलेलं असतं. दिवसभरात शंभर माणसांनी एकेक घोट दिला तर अरेका पामला जलोदर होतो. "पाणी घालू नये" अशी पाटी लावली, तर लोक पाटी वाचायला जवळ जायला लागले आणि जवळ गेलेच आहोत तर म्हणून पाणी घालायला लागले.

मग त्या कुंडीला मुंग्या लागायला लागल्या.

आधी थोड्या, नंतर भिंतीवरून रांग, तीही नेमकी सकाळी अकराच्या सुमारास. खडूची रेघ ओढली, हळद टाकली, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. त्याने कुंडीभोवती काहीतरी फवारलं आणि जाताना विचारलं, "इथे सरबत सांडतं का हो?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गरोदर बायकांची मधुमेहाची चाचणी. आपल्याकडे सर्रास वापरतात त्या डिप्सीच्या पद्धतीत उपाशीपोटी असण्याची अट नसते. ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. १४० किंवा त्याच्या वर आलं तर गरोदरपणातला मधुमेह. कागदावर हे फार सोपं आहे. पाचव्या महिन्यात, सकाळच्या मळमळीत, पेलाभर कोमट पाक एका दमात प्यायचा म्हणजे काय ते पिणारीलाच विचारा. काहींनी दोन घोट घेतले, इकडेतिकडे पाहिलं, आणि उरलेलं शेजारच्या गरजवंताला दिलं. सोबत आलेल्या सासूबाई कुंडीकडे पाठ करून आडोसा धरत, असं नंतर सीसीटीव्हीत दिसलं. सुनेच्या आणि सासूच्या इतक्या एकमताचा पुरावा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मधुमेह्याच्या लघवीकडे मुंग्या धावतात, ही खूण चरकसंहितेत नोंदवलेली आहे. आमच्याकडे तीच खूण एका पामच्या कुंडीत दिसत होती, आणि निदान अचूक होतं: साखर पेशंटमध्ये गेलीच नव्हती. दोन तासांनंतरचे जे सुरेख, निर्धोक आकडे आम्ही सही करून देत होतो, त्यांतले काही त्या झाडाच्या कृपेने आलेले. तेव्हापासून ग्लुकोज टेक्निशियनच्या समोर बसून प्यायचं असा नियम झाला. एसओपीमध्ये त्याचं कारण 'रुग्णसुरक्षा' असं लिहिलंय. अरेका पामचं नाव कुठे नाही.

हिस्टोपॅथॉलॉजीत वेगळा प्रकार. तिथे दिवसभर फॉर्मेलिनचा वास, डोळ्यांतून पाणी. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं की नासाने शोध लावलाय, स्नेक प्लांट फॉर्माल्डिहाइड शोषून घेतो. लगेच ग्रॉसिंग टेबलाच्या उशाला दोन कुंड्या आल्या. नासाचा तो अहवाल खरा, १९८९ सालचा, पण प्रयोग बंद पेटीतला होता. ज्या खोलीला दार आहे, एक्झॉस्ट आहे आणि ज्यात माणसं ये-जा करतात, तिचं गणित वेगळं. २०१९ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी असे जुने प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला. इमारतीत एरवी जी हवा आपोआप बदलते, तेवढंच काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० पासून १,००० पर्यंत झाडं लागतील, असं उत्तर निघालं. आमच्या ग्रॉसिंगच्या १०० चौरस फुटांच्या खोलीला हे लावलं, तर ९० पासून ९,००० कुंड्या. सीनियर सरांनी हा हिशोब फळ्यावर करून दाखवला आणि खाली लिहिलं, 'किंवा पंखा दुरुस्त करा'. पंख्याची मागणी अजून खरेदी विभागात आहे. कुंड्या दोनच्या चार झाल्या.

लकी बांबूची गोष्ट मात्र मी फार रंगवून सांगणार नाही, कारण आठवलं तरी सगळ्यांचे चेहरे उतरतात. रक्तपेढीत समुपदेशकाच्या टेबलावर काचेच्या भांड्यात, रंगीत खड्यांत, कुणीतरी भेट दिलेला. ऑगस्ट महिना, डेंग्यूचा जोर, एनएस-१ च्या तपासण्यांसाठी दाराबाहेर रांग. पालिकेचा माणूस साचलेलं पाणी तपासायला आला. गच्ची बघितली, कूलर बघितला, निघता निघता टेबलावरच्या भांड्यात टॉर्च मारला. आत एडिसच्या अळ्या. त्याने कागदावर लिहिलं, सही घेतली आणि अतिशय नम्रपणे विचारलं, "साहेब, तपासणी पण तुमच्याकडेच होते ना?"

एवढं झाल्यावर ऑडिट आलं. आयएसओ १५१८९ हा वैद्यकीय लॅबचा धर्मग्रंथ. जे लिहिलं नाही ते घडलं नाही, हे त्याचं सार आमच्या अंगात भिनलेलं. त्यामुळे आदल्या संध्याकाळी झाडं कधी घडलीच नव्हती असं करायचं ठरलं. काही जिन्याखाली गेली, काही मीटरच्या खोलीत, दोन रेडिओलॉजीवाल्यांनी उदार मनाने ठेवून घेतली. सीनियर सरांनी एक कोरफड एप्रनच्या आत धरून नेली आणि वाटेत भेटलेल्या डीनसाहेबांशी तशीच पाच मिनिटं काटे सोसत गप्पा मारल्या. सकाळी ऑडिटर आले. रजिस्टरं चोख, फ्रिजचं तापमान २ ते ८ च्या मध्ये, कॅलिब्रेशनचे दाखले हजर. ते खिडकीपाशी थांबले. ओट्यावर एक गोल डाग होता, बाटलीच्या बुडाएवढा.

"इथे काय सांडलं होतं?"

आता काय सांगणार? झाड नव्हतं, म्हणजे काहीतरी सांडलं असणारच. आणि सांडलं तर त्याची नोंद हवी. मग स्पिलचा फॉर्म भरला गेला, हायपोक्लोराइट किती मिनिटं ठेवलं ते लिहिलं गेलं, आणि शेवटच्या रकान्यात मूळ कारण शोधायची पाळी आली. मूळ कारण मीटरच्या खोलीत रिएजंटच्या बाटलीत वाढत होतं. क्वालिटीवाल्या मुलीने बराच वेळ पेन चावून शेवटी 'मानवी' असं लिहिलं.

त्यानंतर प्लॅस्टिकचं झाड आलं. ते कायदेशीर होतं, पण प्रत्येक पृष्ठभाग रोज पुसायचा हा नियमही कायदेशीर होता. मावशी रोज इमानेइतबारे एकेक पान एक टक्का हायपोक्लोराइटने पुसायच्या आणि खाली सही करायच्या. दोन-तीन महिन्यांत सगळं झाड फिकट, मग पिवळट, मग पांढरंफटक झालं. रक्त द्यायला आलेल्या एका आजींनी त्याच्याकडे बघून मायेने विचारलं, "ह्याचं पण हिमोग्लोबिन कमी आलंय का गं?"

मग खरी झाडं हळूच परतली, आणि त्यांच्याबरोबर तो जुना प्रश्न: गळलेलं पान टाकायचं कुठे? बाहेरच्या माणसाला हा प्रश्न हास्यास्पद वाटेल. लॅबमध्ये आयुष्याचे चार रंग आहेत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी ते ठरवून दिलेत. पिवळ्यात माणसाचे अवयव, रक्ताने भरलेला कापूस, मायक्रोबायोलॉजीचा कचरा, लालमध्ये दूषित प्लॅस्टिक, पांढऱ्यात सुया आणि ब्लेड, निळ्यात काच. मनी प्लांटचं पान यांतल्या कुठल्याच रांगेत बसत नाही. हिमॅटॉलॉजीचा एक नवा मुलगा म्हणाला, पान पिवळं पडलंय तर पिवळ्यात टाका. तर्क बिनतोड वाटला. पण पिवळी पिशवी बारकोड लावून, वजन करून, इन्सिनरेटरला जाते. तिथे पहिल्या कोठडीत निदान ८०० अंश आणि दुसरीत हजाराच्या वर तापमान लागतं. एका पानाचा असा अंत्यविधी कुठल्या राजालाही लाभला नसेल. शेवटी मावशींनी ते उचललं, खिडकीबाहेरच्या गुलमोहराच्या बुंध्याशी टाकलं आणि म्हणाल्या, "पान आहे ते. झाडाखाली पडायचं असतं." तेव्हापासून पाचवी पद्धत सुरू आहे. ती कुठल्याही रजिस्टरमध्ये नाही.

हे असंच चाललं असतं, पण क्वालिटीच्या मासिक बैठकीत विषय ऐरणीवर आला. मॅडम म्हणाल्या, झाडं जाणार, चर्चा संपली. मायक्रोबायोलॉजीतून दबका आवाज आला की फ्लेमिंगच्या प्लेटमध्ये बुरशी उडून आली म्हणून तर पेनिसिलिन मिळालं. मॅडमचं उत्तर तयार होतं. "फ्लेमिंग १९२८ साली सुट्टीवर गेला होता. तुझी सुट्टी मी मंजूर केलेली नाही." मग सीनियर सर उठले. त्यांनी दारावरचं लॅमिनेट केलेलं वाक्य काढून आणलं होतं. त्यांचा वाद एकाच शब्दसमूहाशी होता: कामाशी संबंध.

"मॅडम, आज सकाळपासून किती शुगर केल्या? किटमध्ये पेरॉक्सिडेज असतं. ते येतं हॉर्सरॅडिश नावाच्या तिखट मुळापासून, युरोपात ते किसून मांसाबरोबर खातात. एलायझाच्या कितीतरी किटांत तेच. युरियाच्या किटमधलं युरियेज?" इथे त्यांनी कलेक्शनच्या पोराकडे बघायचं टाळलं. "ते मिळतं जॅक बीनमधून, आपल्या अबईची बहीण. १९२६ साली सम्नरने त्यातून युरियेजचे स्फटिक काढले. एन्झाइम हे प्रथिन असतं हे तिथे ठरलं, आणि वीस वर्षांनी त्यांना नोबेल मिळालं. मायक्रोवाल्यांचं अगार समुद्री शेवाळाचं. ते रॉबर्ट कॉखच्या लॅबमध्ये पोचलं फॅनी हेसे या बाईंमुळे, ज्या घरी त्याच्या जेली करायच्या. तुमच्या घरी चायना ग्रास आहे ना, तेच. बायोप्सीच्या स्लाइडवर पेशींची केंद्रकं निळी दिसतात ते हिमॅटॉक्सिलिनमुळे, आणि हिमॅटॉक्सिलिन म्हणजे मेक्सिकोकडच्या एका झाडाच्या गाभ्याचा रंग. क्रोमोसोम तपासायला पेशी वाढवायच्या, तर त्यांना चेतवायला राजम्यातलं प्रथिन. झाडं काढायची म्हणता, तर आधी सांगा, उद्या लॅब कशावर चालवायची?"

मॅडमनी शांतपणे विचारलं, "यांतलं कुठलं तुम्ही खिडकीत लावलंय?"

सर खाली बसतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "कुळीथ."

रक्तपेढीत फ्रिजच्या वरच्या कप्प्यात एक छोटी बाटली असते, अँटी-ए-१ लेक्टिन. ए गटाच्या रक्ताचे पोटगट ओळखायला ती लागते. ए-१ च्या पेशींच्या तिच्यात गुठळ्या होतात, ए-२ च्या होत नाहीत. तिच्यावर लॅटिन नाव छापलेलं असतं, डॉलिकॉस बायफ्लोरस. म्हणजे कुळीथ, हुलगे. हा शोध परदेशातून आलेला नाही. पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात काम करणाऱ्या जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ साली 'करंट सायन्स'मध्ये तो छापला. जगभरच्या रक्तपेढ्यांत आज ज्या बाटल्या आहेत त्यांची कुळकथा आपल्या हुलग्यापाशी येऊन थांबते, आणि ही गोष्ट कुळथाचं कळण ओरपणाऱ्या एकाही माणसाला शाळेत कुणी सांगत नाही, याचा मला खरोखर राग आहे.

सर खोटं बोलत नव्हते. पोराने गावाकडून हुलगे आणून गुपचूप खिडकीत पेरले होते. ट्यूबलाइटच्या उजेडात ते लांबुडके आणि अशक्त उगवले होते. क्वालिटीवाली मुलगी मात्र हे ऐकून खुलली. झाड कामाशी संबंधित आहे, तर ते आता झाड राहिलं नाही, रिएजंटचा कच्चा माल झाला. मग त्याला लॉट नंबर हवा, साठवणुकीची जागा ठरलेली हवी, मुदत हवी, ए-१ आणि ए-२ दोन्ही पेशींवर पडताळणी हवी, आणि जबाबदार व्यक्तीची सही. कुंडी गच्चीवर गेली, उन्हात. तिच्यावर बारकोडचं लेबल लागलं. लॅबच्या इतिहासातलं ते पहिलं कागदोपत्री झाड.

पावसाळा सरता सरता मूठभर शेंगा आल्या. सरांनी दाणे सलाइनमध्ये रात्रभर भिजवले, खलात कुटले, सेंट्रीफ्यूज केले, आणि वरचं पाणी स्लाइडवर ए गटाच्या पेशींवर टाकलं. गुठळ्या झाल्या. पातळ न केलेल्या अर्कात ए-२ च्याही होतात. मग पातळ करत करत एका टप्प्यावर नुसत्या ए-१ च्या राहिल्या. पेशंटसाठी अर्थात विकतचीच बाटली वापरायची, हे मॅडमनी तीनदा बजावलं. पण त्याही स्लाइड बघायला आल्या होत्या, आणि मायक्रोस्कोपवरून लवकर उठल्या नाहीत. मनी प्लांटबद्दल त्या दिवसापासून कुणी काही बोललेलं नाही. त्याचा कामाशी संबंध शोधायचं काम सरांकडे दिलंय, मुदत पुढच्या ऑडिटपर्यंत.

मावशींना या सगळ्यातलं एवढंच कळलं, की लॅबमध्ये कुळीथ उगवले आणि त्यावरून साहेब लोक खूश आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पॅन्ट्रीत कुळथाच्या पिठीचा मोठा डबा उघडला. सोलं, लसणाची फोडणी, बरोबर भात. मॅडम चमचा हातात घेऊन थबकल्या. त्यांचा गट ए-१.

"घाबरू नका," सर म्हणाले, "लेक्टिन शिजवलं की मोडतं."

"कच्चे कुळीथ कोण खाता?" मावशींनी दोघांच्याही पानात वाढलं.

तेवढ्यात क्वालिटीवाली मुलगी डब्यात डोकावली. सवयच ती. "मावशी, ही बॅच कुठली?"

"कणकवलीची."